ज्याचा त्याचा अंदाज

जेवणाच्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी पडले होते आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. सूनबाईला ज्या डोंगरावर जायचं होतं, तिथल्या शनिवारच्या चौकोनात तिच्या फोनवर पिवळाधमक सूर्य होता. नवऱ्याच्या फोनवर त्याच शनिवारी, त्याच डोंगरावर काळा ढग होता आणि ढगातून निघालेली वीज.

"बघ," नवरा म्हणाला. "नुसता पाऊस नाही, विजेसकट."

"माझ्यात कोरडं दाखवतायत."

"तुझ्या फोनला काय कळतंय! माझा दर तासाला बदलतो."

"मग थांबा ना तासभर. बदलेल."

त्याने फोन उचलून खिशात टाकला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने कितीही ऐटीत स्टिअरिंग धरलं तरी गाडी थांबते ती याच्या पायाने. घरी आल्यावरही तो पाय त्याने कधी उचलला नव्हता.

तिला त्या घरात सगळे सूनबाईच म्हणत. लग्न झाल्यावर सासूने कौतुकाने सुरुवात केली, नवऱ्याने थट्टेत उचललं, आणि पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. कौतुक होतं तोवर तिलाही बरं वाटायचं. मग सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि त्या आतल्या खोलीतल्या पलंगाला खिळल्या. तेव्हापासून या हाकेच्या मागे नेहमी एखादं काम असायचं. सूनबाई, चादर ओली झालीय. सूनबाई, कूस बदलायची आहे. सूनबाई, आईला ठसका लागला बघ.

सकाळचं सगळं आवरून ती चष्म्याच्या दुकानात जायची. मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती; तिथे बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या, नखाएवढे स्क्रू बसवायचे. त्या वेळेत नवरा घरी असे, म्हणजे नुसता असे. दुपारी ती परतली की तो शिकवायला बाहेर पडे. माणूस ठेवू या, असं तिने सुरुवातीलाच सुचवलं होतं. त्याने दोनचार फोन केले, आणि "कुणी मिळत नाही गं" म्हणून हात वर केले. नंतरही ती अधूनमधून विषय काढी. उत्तर ठरलेलं. माणूस मिळत नाही.

डोंगरावर जायचं खूळ औषधवालीचं. चष्म्याच्या दुकानाला लागून औषधांचं दुकान होतं, ते ती चालवायची. दोघी कॉलेजात एकत्र डोंगर तुडवलेल्या. तिच्याकडे तंबू होता, जुनी गाडी होती, आणि समोरच्याचं ऐकून न घेण्याची सवय होती. "शनिवारी जायचं, रविवारी परत. तुझ्या नणंदेला सांग, दोन दिवस आईला बघ म्हणावं. तिचीच आई आहे ना?"

नणंदेने हो म्हटलं होतं. पण शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"अगं, रेडिओवर ऐकलंस का? डोंगराळ भागात वादळ होणार म्हणे. झाडंबिडं पडतील. तू जाणार नसशील तर मी उगाच कशाला येऊ? सांग आपलं, म्हणजे मला माझं ठरवता येईल."

"मी जाणार नाही असं कुठे म्हटलं, वन्सं?"

"नाही, म्हटलं, एवढं वादळ आहे तर..."

सूनबाईने फोन ठेवला आणि तिला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. नणंदेला यायचं नव्हतं, म्हणून तिच्या रेडिओत वादळ होतं. नवऱ्याला अडचण नको होती, म्हणून त्याच्या फोनमध्ये वीज होती. आणि स्वतःच्या फोनमधल्या सूर्यावर तिचा एवढा विश्वास का, हेही तिला कळून चुकलं. आभाळाकडे कुणी बघतच नव्हतं.

दुकानात तिचं कामात लक्ष लागेना. एक काच कडेला टवका उडून फुकट गेली. शेवटी ती उठून शेजारी गेली. औषधवाली गोळ्यांची पाकिटं फळीवर लावत होती.

"तुझं काय मत? दोन फोन दोन सांगतायत."

"दोघं खरं बोलत असतील. डोंगर आहे तो. एका अंगाला कोसळतं, दुसऱ्या अंगाला कपडे वाळतात." औषधवालीने वळूनही पाहिलं नाही. "उद्या निघताना एकदा बघू. तंबू ओढ्याजवळ लावायचा नाही, झाडाखाली लावायचा नाही. गडगडायला लागलं की गाडीत बसायचं. फारच झालं तर खाली उतरायचं. रस्ता तिथपर्यंत जातो. यात एवढं मरणाचं काय आहे?"

"आणि वर जाऊन भिजले तर हे सगळे म्हणणार, सांगितलं होतं ना."

"म्हणू देत की. तू घरी बसलीस आणि ऊन पडलं, तर तुला कोण येऊन सांगणार आहे, चुकलं म्हणून?"

संध्याकाळी तिने घरी सांगितलं, "मी जातेय." नवरा म्हणाला, "जा बाई. उद्या काही झालं तर माझ्या नावाने खापर फोडू नकोस." कुणाला काही झालं तर, ते तो बोलला नाही. नणंद शनिवारी सकाळी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. सूनबाईने तिला औषधं दाखवली, कूस कशी बदलायची, गुडघ्यामागे हात कसा घालायचा ते करून दाखवलं. सासूबाई डाव्या डोळ्याने टकामका बघत होत्या. "येते हं आई," ती म्हणाली. त्यांनी डावा हात जरासा उचलला. जा म्हणतायत की जाऊ नको, ते तिला कळलं नाही, आणि विचारण्याइतका धीर तिच्यात नव्हता.

डोंगरावर धड एकही अंदाज खरा ठरला नाही, किंवा दोन्ही ठरले. दुपारी ऊन होतं. तंबू उभा राहीपर्यंत वारा सुटला, आभाळ काळवंडलं आणि पाऊस असा आला की दोघी भिजल्या मांजरासारख्या गाडीत जाऊन बसल्या. लांब कुठेतरी गडगडलं. थोड्या वेळाने सगळं थांबलं. तंबूचा एक कोपरा गळत होता, तिथे औषधवालीने पातेलं ठेवलं. मग पठारावर एवढं लख्ख ऊन आलं की गवतातून वाफा निघू लागल्या. सूनबाई एका खडकावर पाय सोडून बसली. तिला काही थोर वगैरे वाटलं नाही. कुणी हाक मारत नव्हतं, एवढंच. सकाळी जाग आली तेव्हा सूर्य चांगला वर आला होता, आणि आपण मध्ये एकदाही दचकून उठलो नाही हे लक्षात येऊन तिला रडू फुटलं. औषधवालीने तिला रडू दिलं.

वर फोनला रेंज नव्हती. रविवारी घाट उतरताना फोन एकदम घणघणायला लागला. नणंदेचे कितीतरी फोन येऊन गेलेले. नवऱ्याचे. मग आणखी नणंदेचे. सूनबाईने घरी फोन लावला.

"काही नाही गं, आता ठीक आहे सगळं," नवरा म्हणाला. "ये सावकाश."

ती कसली सावकाश येते! पाठीवर ओली सॅक, चपलांना चिखल, अशी ती जिने चढून वर आली. दार उघडंच होतं. आत एक अनोळखी, आडव्या बांध्याची बाई हातावर बाह्या सरसावून उभी होती. तिच्या हातात सासूबाईंची वाटी होती.

बाईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समजुतीने हसली. "आलात का रजेवरून? नेहमीच्या बाई तुम्हीच ना?"

सूनबाई स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात उभी राहिली.

नणंद सोफ्यावर कमरेला उशी लावून बसली होती. ती घाईघाईने म्हणाली, "अगं, फोनवर या बाईंना एवढं कुठे समजावत बसू? म्हटलं, नेहमी करणारी दोन दिवस नाहीये. काल दुपारी आईला उचलायला गेले आणि माझी कंबर जी धरली! मग याने समोरच्या दवाखान्यात विचारलं. या बाई लगेच आल्या."

"लगेच?" सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो, म्हणजे, नशीब म्हणायचं," तो म्हणाला. मग त्या बाईकडे वळून, "उद्यापासून नको हं मावशी. आता ही आलीच आहे."

बाईने मान डोलावली, वाटी धुऊन पालथी घातली, हात पुसले आणि पिशवी उचलून निघून गेली.

"इतकी वर्षं माणूस मिळत नव्हतं," सूनबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दवाखाना तर आपण राहायला आलो तेव्हापासून समोरच आहे."

"आता तू विषय वाढवू नकोस."

"वन्संची कंबर धरली तर दुपारच्या दुपारी माणूस मिळालं. माझी किती वेळा धरली?"

"तू कधी नाही जमत म्हणालीस का? होत होतं ना सगळं?"

"आणि मी काय सून आहे का, हे सगळं करायला?" नणंद फणकारली. तिच्या तोंडून निघून गेलं खरं, पण गेलेला शब्द परत कोण आणणार? आतून सासूबाईंनी घशातल्या घशात आवाज काढला. त्यांना सगळं ऐकू येत होतं. कान दोन्ही शाबूत होते.

सूनबाई तशीच धावत खाली गेली. बाई फाटकापाशी फोनवर बोलत होती. बोलणं संपेपर्यंत ती थांबली.

"मावशी, उद्या या. रोज या. मी सांगतेय."

"आत्ताच दुसरीकडे शब्द दिला हो," बाई हळहळली. "तुमचे साहेब नको म्हणाले ना. आधी कळलं असतं तर..." मग जरा घुटमळून म्हणाली, "मगाशी मी चुकून बोलले. मला काय माहीत, घरातल्याच आहात."

"चुकलं नाही तुमचं," सूनबाई म्हणाली.

ती वर आली तेव्हा नणंद निघायच्या तयारीत होती. सूनबाईने तिला थांब म्हटलं नाही. ओले कपडे बदलून ती आतल्या खोलीत गेली आणि नवऱ्याला हाक मारली.

"इकडे या. आईंची कूस बदलायची आहे. गुडघ्यामागे हात घाला."

"मला नाही जमत ते. तिला दुखेल."

"मलाही जमत नव्हतं. त्यांना दुखायचं."

तो आला. त्याने हात चुकीचा घातला, सासूबाई कण्हल्या, त्याने घाबरून हात काढून घेतला. सूनबाई पलंगाच्या पलीकडे हाताची घडी घालून उभी राहिली. म्हाताऱ्या बाईचा चेहरा वेदनेने वाकडा झाला होता आणि तिचा डावा डोळा मुलाकडे नाही, सुनेकडे लागला होता. पुढे होऊन एका झटक्यात ते काम करून टाकणं किती सोपं होतं! तिचे हात शिवशिवले. भांडण तिचं नवऱ्याशी होतं आणि कण्हत होती ही.

"परत," ती म्हणाली. "खांदा आधी."

पुढच्या महिन्यात दुसरी एक बाई लागली. फोन सूनबाईनेच केले. नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ती दुकानात पूर्ण दिवस जाऊ लागली. औषधवाली पुन्हा डोंगराचं नाव काढायची, तेव्हा ती "बघू" म्हणायची. घरी नवऱ्याशी ती कामापुरतं बोलायची, आणि त्याला त्यात काही वेगळं जाणवत होतं असं दिसत नव्हतं.

एकदा त्याच्याबरोबर शिकवणारे दोघे मित्र घरी आले होते. नवी बाई सासूबाईंना खुर्चीत बसवून खिडकीपाशी नेत होती. एका मित्राने कौतुक केलं.

"अरे, माणूस ठेवलं तेव्हा कुठे घर रुळावर आलं," नवरा म्हणाला. "मी तर हिला पहिल्यापासून सांगत होतो. पण हिला सगळं स्वतः करायची हौस!"

मित्र हसले. सूनबाई पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने ते टेबलावर ठेवले, पायात चपला घातल्या आणि दुकानाची वेळ नसतानाही घराबाहेर पडली.