दाब चार

दवाखान्यातल्या त्या मशीनवाल्या पोरीवर बसड्रायव्हरचा पहिल्या दिवसापासून राग होता. वय काय हिचं, आणि चिठ्ठीत लिहिते काय, तर 'रॅम्पचं बटण. दाब ४.' 'दाबा' नाही, 'दाब'! जसा काही हा तिच्या वर्गातला. पण अडला होता बिचारा, म्हणून रोज झोपताना मुकाट्याने चार वेळा दाबायचा.

झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा सोडणाऱ्या त्या मशीनचा मास्क लावला की नाकात वारं असं घुसायचं, की पाऊण तासात तो भिरकावून द्यायचा. मग घोरणं, मध्येच श्वास अडकणं, आणि शेजारी बायको टक्क जागी. मशीन मिळण्याआधी एकदा स्टिअरिंगवर डुलकी लागली होती. नशीब थोर, बस स्टॉपवर उभी होती. तेव्हापासून तो डेपोत हरवलेल्या छत्र्या सांभाळत होता. मशीनच्या कार्डावर रोजची निदान चार तास झोप दिसल्याशिवाय डॉक्टर त्याला पुन्हा बसवर सोडणार नव्हते.

आज तो बायकोला घेऊन दवाखान्यात आला, तेव्हा पोरीनं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काका, जेमतेम पाऊण तास! आणि रॅम्प रोज बंद. तुम्ही करता तरी काय?"

"तू लिहिलंस तेच! चार वेळा दाबतो."

"अहो काका, दाब म्हणजे हवेचा दाब! रॅम्प लावला की तो चारपासून सुरू होऊन हळूहळू अकरावर जातो. बटण एकदाच दाबायचं. एकदा चालू, दुसऱ्यांदा बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. म्हणजे रोज पहिल्या श्वासापासून अकराचा मारा खाताय!"

बायकोनं कपाळावर हात मारला. "आणि महिनाभर मला सांगतायत, पोरीला वळण नाही!"

तिघंही पोट धरून हसली. पोरीनं डॉक्टरांना विचारून सुरुवातीचा दाब पाच केला, चढायला वीस मिनिटं दिली, पंधरा दिवसांची मुदत मिळवली आणि नवी चिठ्ठी लिहिली: 'काका, बटण कृपया एकदाच दाबा.'

पंधरा दिवसांनी कार्डावर साडेसहा तास! डॉक्टरांनी सही ठोकली. तो कागद फडकवत बाहेर आला आणि थबकला. बाकावर बायको भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. दोन वर्षं त्याचे श्वास मोजत जागलेली बाई. त्यानं कागद हळूच खिशात घातला.

"काय काका, मिळाली सही?" मागून पोरगी ओरडली.

"हळू बोल गं," तो म्हणाला, आणि बायकोच्या शेजारी हलकेच टेकला. "हिची झोप अजून बरीच राहिलीये."