बसून केलेला पराक्रम

सम्राट, न्यायाधीश, तत्त्वज्ञ, शास्त्रज्ञ अशा ज्या थोरांनी मानवजातीचा इतिहास घडवला, त्या सगळ्यांत एकच गोष्ट समान होती. मोठा निर्णय घेण्याच्या क्षणी ते कशावर तरी टेकलेले होते. त्या टेकण्याची जबाबदारी जगात कोणीतरी घ्यायलाच हवी होती. मित्रांनो, ती मी घेतली. मी एक जुने बूड आहे.

हसून घ्या. दर सहलीत या वाक्याला मुले हसतात आणि शिक्षक छताकडे बघतात. मी थांबतो.

झाले? तर मी कठीण लाकडाचा आहे. वरून जाड चामडे आहे आणि जिथे डोके असायला हवे तिथे लोखंडी दांडा आहे. दांडा मला वर उचलतो आणि खाली सोडतो. खाली खुर्ची असते. मी तिच्यावर बसतो, उठतो, पुन्हा बसतो. शेजारचा गणक दर बसण्याला एक आकडा पुढे सरकतो. पन्नास हजार वेळा बसूनही नमुन्याची खुर्ची शाबूत राहिली, तरच तशा खुर्च्या या कारखान्यातून बाहेर पडतात. इथे मला सगळे बसकेबुवा म्हणतात. डोळे नाहीत, कान नाहीत, मग सगळे कळते कसे, असे कृपा करून विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्या फाटक्या छत्रीला तुम्ही असे प्रश्न विचारता का?

माझ्या जन्माआधी इथे खुर्च्यांवर वाळूची पोती टाकून बघत. एके दिवशी थोरले मालक म्हणाले, "पोतं नुसतं पडतं. माणूस बसतो. मला माणूस हवा."

"मग कुणाच्या मापाचा करू?" सुतारमामांनी विचारले.

तिथे उभ्या असलेल्या अकरा जणांना एकदम आपापली कामे आठवली. शेवटी थोरले मालक स्वतःच ओल्या मातीच्या घमेल्यात बसले.

"हलू नका, मालक."

"गार लागतंय रे."

"लागणारच. इतिहासात ठसा उमटवायचा म्हणजे थोडं सोसायला हवं."

त्या ठशावरून मामांनी मला कोरले. थोरल्या मालकांचा चेहरा वरच्या मजल्यावर तैलचित्रात आहे आणि खाली मी आहे. कोणते साम्य जास्त जमले आहे, यावरून जुन्या कामगारांत अजून दोन तट आहेत.

थोरल्या मालकांनीच एक नियमही घालून दिला. नव्या खुर्चीचा निर्णय वरच्या गुबगुबीत दालनात घ्यायचा नाही. तो तपासणीच्या खोलीत, माझ्यासमोर, सगळ्यांनी त्याच नव्या खुर्चीत बसून घ्यायचा. "आपण बसलो नाही, ती विकायची नाही," एवढे बोलून ते जेवायला गेले. नियम मात्र राहिला.

पुढे माझ्या जोडीला एक तपासनीस आली. तिचे पाळण्यातले नाव कारखान्यात कोणालाही ठाऊक नाही. तिला सगळे नाहीताई म्हणत, कारण कोणतीही खुर्ची समोर ठेवली की ती आधी "नाही" म्हणे आणि मग पन्नास हजार बसण्यांनंतर, झालीच तर, सही करी. आमचे चांगले जुळले. ती सकाळी माझ्या दांड्याला तेल घाली, चामड्यावर कोरडे फडके फिरवी आणि म्हणे, "चला बुवा, बसा कामाला." तिच्या सहीच्या खुर्च्यांवर लोकांनी लेकरे जेवू घातली, परीक्षा दिल्या, बल्ब बदलले. एकही तक्रार नाही. एकदा तर माझे छायाचित्र छापून आले. खाली ओळ होती, 'कारखान्याचा खरा आधार'. शेजारी धाकटे मालक, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, उभे होते. ती ओळ आपल्याविषयी आहे असे त्यांना वाटले, मीही काही बोललो नाही.

थोरले मालक गेले, धाकटे आले आणि त्यांच्या मागोमाग मंदी आली. मंदी म्हणजे काय, हे मोठी माणसे तुम्हाला आलेख काढून समजावतील. माझी व्याख्या सोपी आहे. लोक मोडक्या खुर्चीला दोरी बांधून दिवस काढू लागले. नवी कोणी घेईना. गोदामात खुर्च्या छतापर्यंत चढल्या आणि कामगार एकमेकांशी जास्तच सभ्यपणे बोलू लागले. माणसे घाबरली की सभ्य होतात.

अशात शाळांसाठी चार हजार खुर्च्यांची मागणी येऊ घातली. भाव मात्र असा, की आमची नेहमीची खुर्ची त्यात बसेना. धाकट्या मालकांनी एक सल्लागार बोलावला. त्याने आमची खुर्ची उलटी केली आणि मागच्या दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांडीवर बोट ठेवले.

"ही बसल्यावर कुणाला दिसते?"

"नाही दिसत," नाहीताई म्हणाली.

"मग हवी कशाला?"

दांडी गेली. पाय बोटभर बारीक झाले. नवी खुर्ची माझ्याखाली आली. मित्रांनो, मी शेकडो खुर्च्यांवर बसलो आहे. पहिल्या टेकण्यातच मला तिची धाकधूक कळली. सहा हजार दोनशे अठराव्या बसण्याला 'कट्' असा आवाज झाला आणि मागचा डावा पाय फाकला.

सल्लागाराने शांतपणे गणकाकडे पाहिले. "पाच हजारांवर थांबवा आणि 'उत्तीर्ण' लिहा. अहो, मंदीत माणसं बसतात कुठे? धावपळीत असतात."

"मुलं बसतात, साहेब. मंदीतही तेवढीच. शिवाय मागच्या दोन पायांवर झुलतात."

"ते शिस्तीचं काम. शाळेनं बघावं."

आता खरी अडचण ऐका. ही मागणी हातची गेली, तर पॉलिश विभाग आधी बंद होणार होता आणि पाठोपाठ निम्मा कारखाना. पॉलिश विभागात नाहीताईचा सख्खा धाकटा भाऊ होता. त्याच्या घरी सहा महिन्यांची जुळी. आणि नाहीताईच्या सहीशिवाय खुर्ची जाणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो हाताला पॉलिश तसेच ठेवून माझ्या खोलीत आला.

"ताई, एक सहीच तर करायची आहे."

"माझी आहे ना पण."

"आणि नोकरी माझी आहे! तुला काय त्या खुर्चीवर बसायचंय का?"

"मला नाही. तुझ्या जुळ्यांना. चार-पाच वर्षांनी शाळेत जातील तेव्हा."

"हॅ! तोवर मोडेल ती!"

बोलून गेला आणि हाताचे पॉलिश पुसू लागला. मग दोघांनी एकाच डब्यातून जेवण केले. कोणी कोणाकडे बघितले नाही. त्या दुपारी नाहीताईने माझ्या चामड्यावर फडके फिरवले, ते एकाच जागी कितीतरी वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक होती. नियमाप्रमाणे माझ्या खोलीत. नाहीताईने रात्रभर विचार करून एकही भाषण तयार केले नव्हते. तिने फक्त आठ नव्या खुर्च्या गोल मांडल्या आणि मधल्या टेबलावर तो फाकलेला पाय काढून ठेवला.

मंडळी आली. सल्लागार खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी उभ्यानेच बोलतो. उत्साह टिकतो." खरेदी अधिकाऱ्याला डॉक्टरांनी बसायला मनाई केली होती. कधी केली, हे त्याला त्याच क्षणी आठवले असावे. विक्री अधिकाऱ्याला फोन आला, तो फोन खिडकीशीच नीट ऐकू येत होता. धाकटे मालक येरझाऱ्या घालू लागले. पाऊण तास झाला. 'मजबुती', 'ग्राहकाचा विश्वास', 'भक्कम पाया' या विषयांवर सगळे अतिशय सुंदर बोलले. आठ खुर्च्या रिकाम्या होत्या. मी इतका वेळ लोकांना न बसताना कधी पाहिले नव्हते.

तेवढ्यात दार उघडले आणि थोरल्या बाई आल्या. थोरल्या मालकांच्या पत्नी, धाकट्यांच्या आई. कारखान्यात त्यांचाही वाटा, म्हणून त्यांची सही लागे. पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती, गुडघे कुरकुरत होते.

"अगं बाई, सगळे उभे का? कुणी गेलं का?" असे म्हणत त्यांनी जवळची खुर्ची ओढली आणि बसायला वाकल्या.

"आई, नको!" धाकटे मालक एवढ्या जोरात ओरडले, की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. "त्यावर नको बसू!"

बाई अर्ध्या वाकलेल्या तशाच थांबल्या. "का रे? विकायची आहे ना?"

खोलीत माझ्या दांड्यातून तेलाचा एक थेंब खाली पडला, तोही ऐकू आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नाहीताईला 'नाही' म्हणावे लागले नाही.

धाकटे मालक माणूस वाईट नव्हते हो. घाबरलेले होते. त्यांनी आईला हाताला धरून एका जुन्या खुर्चीत बसवले. मग टेबलावरचा फाकलेला पाय उचलून सल्लागाराच्या हातात दिला.

"ही खुर्ची जाणार नाही."

"मग मागणी गेली," सल्लागार म्हणाला. "कारखाना कशावर चालवणार? तत्त्वांवर?"

उत्तर थोरल्या बाईंनी दिले, तेही गुडघा चोळत. "या आठवड्यात तीन शेजारणींनी विचारलं, मोडकी खुर्ची तुमच्याकडे सांधून मिळेल का म्हणून. मी म्हटलं, छे, आमचा मोठा कारखाना आहे. उगाच म्हटलं."

"दुरुस्ती? त्यानं नाव खाली येईल, बाई!" सल्लागार म्हणाला.

"येऊ दे. नाव खाली आलं तर उचलता येतं. माणूस खाली आला की दवाखाना."

त्या दिवशी ठरले ते असे. एकाही माणसाला घरी पाठवायचे नाही. आठवड्यात पाचाऐवजी चारच दिवस काम आणि पगार सगळ्यांचा कमी, सुरुवात मालकांपासून. मालकांचे दालन बंद. त्यांचे टेबल पॉलिश विभागात आले आणि त्यावर पॉलिशचे डबे ठेवायची चांगली सोय झाली. चार हजार खुर्च्यांची मागणी दुसऱ्या एका कारखान्याला गेली. सल्लागारही तिकडेच गेला.

खोटे कशाला बोलू, सुरुवातीचे महिने कठीण होते. नवी खुर्ची नाही, म्हणून मला काम नाही. माझ्यावर चादर घातली गेली. कोणीतरी वर हेल्मेट ठेवले. बुडावर हेल्मेट! अपमान गिळायला तोंड नव्हते, म्हणून तसाच राहिलो.

नाहीताईचा भाऊ टेम्पो घेऊन गल्लोगल्ली फिरू लागला. "मोडकी खुर्ची द्याऽ! कुणाचीही असो, सांधून देतो!" पहिल्या दिवशी दोन आल्या. आठवड्याने चाळीस. आरामखुर्च्या, न्हाव्याच्या खुर्च्या, पियानोसमोरचे स्टूल, दातांच्या डॉक्टरची एक अवाढव्य खुर्ची, जिच्यात बसून टेम्पोतले दोघे झोपलेच. मालक स्वतः सरस लावायला शिकले आणि पहिल्या दिवशी स्वतःच चिकटले. एके सकाळी नाहीताईने माझी चादर ओढली आणि म्हणाली, "चला बुवा. सांधलेली असली तरी बसल्याशिवाय जायची नाही."

मित्रांनो, तेव्हा मला डोळे असते तर भरून आले असते.

आणि मग आठव्या महिन्यात फाटकाशी तीन ट्रक उभे राहिले. आत खुर्च्याच खुर्च्या, सगळ्यांचे मागचे डावे पाय फाकलेले. शाळांनी घेतलेल्या त्याच, स्वस्तातल्या! सुदैवाने एकाही मुलाला खरचटण्यापलीकडे लागले नव्हते. फक्त एका शाळेत मुख्याध्यापक 'जीवनात खंबीर राहा' या विषयावर बोलून टाळ्यांच्या गजरात खाली बसले, आणि बसतच गेले, थेट जमिनीपर्यंत.

आम्ही कोणाला हसलो नाही. म्हणजे फाटक लावून घेतले, मग हसलो. त्या सगळ्या खुर्च्यांना आम्ही आडव्या दांड्या घातल्या. मग शाळांच्या अधिकारी बाई आल्या, अर्धा दिवस माझ्यासमोर उभ्या राहून गणक बघत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, "पुढच्या सगळ्या खुर्च्या तुमच्या. आणि अट आता सगळ्या कारखान्यांना एकच. पन्नास हजार बसणी, ती याच बुवांची."

काय तो दिवस! भोंगा वाजवला, पेढे नव्हते म्हणून गूळ वाटला, पॉलिश विभागाने मला चकाकेपर्यंत घासले. पाचही दिवसांचे काम परत आले, वर नवे अठरा लोक लागले. आणि महिन्याभरात दुसऱ्या कारखान्याची नवी खुर्ची डोक्यावर घेऊन कोण आले असेल? सल्लागार! त्याने ती माझ्याखाली ठेवली आणि घाम पुसत विचारले, "ताई, होईल ना उत्तीर्ण?"

"नाही," ताई सवयीने म्हणाली. पण झाली. आडवी दांडी होती ना तिला. त्यानेच हट्टाने घालायला लावली होती. ताईने सही केली, तेव्हा तो त्या खुर्चीत बसला आणि जरा वेळ बसूनच राहिला.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, काहीतरी बनवाल, विकाल. दिवस चांगले असताना प्रामाणिक राहणे सोपे असते, तेव्हा खोटे बोलायला वेळच नसतो. कसोटी वाईट दिवसांत लागते. त्या दिवसांतही आपण जे दुसऱ्याला देतो, त्यावर आधी आपण बसून बघावे, आणि आपल्या आईला बसू देऊ की नाही, याचाही विचार करावा. वर्गातल्या खुर्चीवर कर्कटकाने नावे कोरू नका, मागच्या पायांवर झुलू नका, सैल झालेला स्क्रू वेळीच सांगा. खुर्चीला बोलता येत नाही. ती फक्त सोसते, आणि एक दिवस सोसत नाही. मी आजवर जितक्या वेळा बसलो, तितक्या वेळा ताठ मानेने उठलो आहे. मान नसताना हे करून दाखवणे सोपे नाही. हा माझा विजय आहे, ताईचा आहे, खोटी सही न करणाऱ्या प्रत्येक हाताचा आहे!

टाळ्या पुरे. आता जाता जाता एवढेच करा. माझ्या उजव्या बाजूला मघापासून एक माशी बसली आहे. मला हात नाहीत. तेवढी हाकलता का?