वरच्या तीन फांद्या

देवकीची बालदी वाजली की वाड्यावरच्या सगळ्या घरांनी समजावं, उजाडलं. पोदेर पावाची टोपली घेऊन भोंगा वाजवत यायचा, तोही तिच्यानंतर. साठी उलटलेली ही बाई पदर खोचून, शिडी लावून न्हाणीघराच्या स्लॅबवर चढायची आणि तिथल्या सोलरच्या चार प्लेटा जुन्या पंच्याने धुवायची. देवाला न्हाऊ घालावं तशी धुवायची. आधी पाणी, मग पंचा, मग परत पाणी, आणि कोपऱ्यातली माती बोटाने.

"अगे, पडशीत. मगे माझ्या बाजूक आणिक एक खाट घालूची लागात," तिचा नवरा गोकुळदास खाटेजवळच्या उघड्या जनेलातून म्हणायचा. मोठ्याने बोलायचा दम त्याच्यात उरला नव्हता, पण थट्टेला दम लागत नाही.

"तुमी नाकातली नळी सांभाळा. शिडी माझी मी सांभाळतंय."

शिरगावाकडच्या रस्त्यावरून तांबडी धूळ यायची ती मये गावाच्या ह्या टोकापर्यंत. झाडांवर, कौलांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. गोकुळदासचा सगळा जन्म खाणीवर गेला होता, तेव्हा तीच धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली ती बसलीच. प्लेटांवरची पंच्याने निघायची, छातीतली कशाने काढणार? डॉक्टरांनी सांगितलं, घरी मशीन ठेवा, रात्रंदिवस लावा. मशीन हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडायचं. घरात सगळे त्याला 'वारो' म्हणत.

पण वाऱ्याला वीज लागते, आणि गावात वीज म्हणजे माहेरवाशीण. आली तर आली. मुलगा गौरेश वास्कोला बंदरात कामाला. त्याने गणपतीची चवथ झाल्यावर लगेच ह्या चार प्लेटा बसवून घेतल्या, खाली बॅटरी ठेवली. लाइन गेली की मशीनसकट सगळं घर आपोआप बॅटरीवर चालायचं. बॅटरी मात्र उन्हावरच भरायची. तिच्या डब्यावर चार हिरवे दिवे होते. चारही लागले की देवकीचा जीव भांड्यात पडायचा.

प्लेटा बसवणारा डिचोलीचा प्रवीण जाताना बजावून गेला होता. काच तापायच्या आत धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडकते. मिक्सर, पंप, काय फिरवायचं ते भर दुपारी फिरवा, रात्री बॅटरीला हात लावू नका. देवकीने ते गुरुमंत्रासारखं धरलं. तेव्हापासून त्या घरात नारळाचं वाटप दुपारीच व्हायला लागलं.

"सूर्य माथ्यार आयल्याबिगर वाटप नाय, वाटपाबिगर हुमण नाय," गोकुळदास कुरकुरायचा. "बांगडो बिचारो सकाळधरून वाट बघता."

"तुमचो वारो पयलो. बांगडो मागीर."

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. दिवाळीनंतर मात्र चौथा दिवा लागेना. कार्तिक सरता सरता तिसराही रुसला. देवकीला वाटलं, धूळ वाढली. ती दिवसातून दोनदा प्लेटा धुवायला लागली. गुडघे बोलायला लागले तरी धूत राहिली. दिवे काही वाढले नाहीत. शेवटी तिने प्रवीणला फोन केला.

तो आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. स्लॅबवर चढला, प्लेटांकडे बघितलं आणि हसला.

"काकी, काच आरशावरी चकचकता. धूळ नाय ही. सावळी."

"कसली सावळी?"

त्याने बोट दाखवलं. न्हाणीघराच्या दक्षिणेला रायवळ आंबा होता. त्याच्या शेंड्याची सावली चारातल्या दोन प्लेटांवर पसरली होती.

"चवथीक सूर्य माथ्यार होतो, तेव्हा ही सावळी झाडाच्या पायाकडेच पडत होती. आता तो दक्षिणेक कलंडलो. आणि ह्या प्लेटी एकमेकींक जोडलेल्यो. दोघींर सावळी पडली की बाकीच्योय ढिल्यो पडतत."

"मगे?"

"मगे काय? वयल्यो तीन खांद्यो उतरवा. फक्त तीन. झाड तसाच ऱ्हवता. अर्ध्या दिसाचा काम."

देवकीने त्याला चहा दिला, पोदेराकडचा उंडा पाव दिला आणि वाटेला लावलं.

प्रवीणला काय माहीत, तो आंबा कशासाठी राखलेला होता? गोकुळदासचा बाप वारला तेव्हा ह्यांच्या परसात सरणापुरतंही लाकूड नव्हतं. गावची रीत अशी की सरणाला आंबा हवा. बापाला अंगणात ठेवून पोरगेला गोकुळदास दारोदार फिरला. एकाने दिलं, पण चार शब्द ऐकवून दिलं. ते शब्द त्याला जन्मभर टोचले. त्याच पावसाळ्यात त्याने ही कोय रुजत घातली आणि पुढे लग्न होऊन देवकी घरात आली तेव्हा तिला सांगितलं, "ह्यो आंबो माझ्या सरणाक. माझ्या पोराक कोणाच्या दारात उभा ऱ्हवूचा लागता नये." फळ आंबट ढाण, लोणच्यालासुद्धा कुणी मागायचं नाही. पण त्या झाडाला कोयता लागला नाही. धनी जिता असताना त्याच्या सरणाच्या झाडाला कोयता लावायचा म्हणजे मरणाला हाक मारायची. हे देवकीला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या हाडातच होतं ते.

जनेल उघडंच होतं. गोकुळदासने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी ती पेज घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "देवके, काप ती खांदी."

"गप जेवा."

"अगे, माका आता वारो होयो. लाकूड मागीर बघूया."

तो थट्टेने बोलला की मनापासून, ते तिला कळलं नाही. तिला त्यातलं 'लाकूड' तेवढं ऐकू आलं.

"असला वंगाळ बोलू नका. तिनसांजेची वेळ असा."

रविवारी गौरेश आला. प्रवीणने त्याला फोनवर सांगितलंच होतं. तो शेजारच्या बाबाजीला बोलवायला निघाला. बाबाजी म्हणजे माडावर सरसर चढणारा गडी. झाड उतरवायचं तर गावात तोच. देवकी आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"आये, येडेपणा करू नको. तीन खांद्यो गो!"

"तीन काय आणि तीस काय. कोयतो तो कोयतोच."

"बाबा स्वता म्हणतत, काप."

"म्हणून तर नको! माणूस आपल्या तोंडान सरणाक हात घाल म्हणता, आणि मी घालू? तुका बापूस जड जालो काय रे?"

ते शेवटचं बोलायला नको होतं. गौरेशचा चेहरा उतरला. तो पायरीवर बसला. देवकीलाही वाईट वाटलं, पण बुंधा तिने सोडला नाही.

थोड्या वेळाने तीच मऊ आवाजात म्हणाली, "अरे, सूर्य काय थंयच ऱ्हवता? संक्रांत आयली की परत फिरतलो. शिगम्याक सावळी सरतली. तवसर मी पुरवून वापरतंय. तू घोर करू नको."

आणि तिने पुरवून वापरलं, ते बघून शेजारणी तोंडात बोट घालायच्या. मिक्सर माळ्यावर गेला. अंगणात पालथा पडलेला दगडी रगडा तिने सुलटा करून धुतला आणि त्यावर वाटप सुरू केलं. फ्रिज बंद झाला. पंखा बंद, टीव्ही बंद. विहिरीचं पाणी ती हाताने ओढायला लागली. संध्याकाळी समईच्या उजेडात जेवण. पोदेर विचारायचा, "काकी, लायट कापली काय गो तुमची?" ती म्हणायची, "नाय रे बाबा, राखून ठेवलीय." सगळं एका नळीसाठी. सूर्य देईल त्यातला थेंबसुद्धा तिने सांडू दिला नाही. तिच्याकडून होण्यासारखं एवढं सगळं तिने केलं. एक तेवढं सोडून.

पौष लागला. संक्रांत अगदी तोंडावर आली होती. देवकी रोज दुपारी स्लॅबवर जाऊन सावलीची कड बघायची. तिला वाटायचं, हटतेय. ती काही हटत नव्हती.

त्या दिवशी सकाळी माडाच्या झावळीचं एक जड चुडत सुटलं आणि तारांवर पडलं. ठिणग्या उडाल्या आणि वाड्यावरची वीज गेली. लाइनवाले येतो म्हणाले, पण तार तुटली होती, ती काही फुंकर मारून जोडता येत नाही. मशीन बॅटरीवर गेलं. दिवे दोनच होते. देवकी म्हणाली, दोन तर दोन, आता ऊन वर येईल.

ऊन वर आलं आणि त्याच्याबरोबर सावलीही आली. एक दिवा विझला. आधाराला ठेवलेलं प्राणवायूचं छोटं सिलिंडर तिने आधीच लावलं होतं, ते चाललं तेवढं चाललं. गौरेशला फोन केला, रुग्णवाहिकेला केला. ती डिचोलीहून निघाली होती. मग उरलेला दिवा हिरव्याचा लाल झाला आणि मशीन कुईं कुईं ओरडायला लागलं.

देवकी अनवाणी धावली ती बाबाजीच्या दारात.

"बाबाजी, कोयतो घी! चल! काप तो आंबो!"

"वयनी, खंयच्यो खांद्यो?"

"सगळो काप! मुळासकट काप!"

बाबाजी कोयता घेऊन तिच्या मागून पळत आला आणि आंब्याला भिडला. देवकी खोलीत शिरली तेव्हा मशीन गप्प झालं होतं. गोकुळदासचे ओठ निळे पडले होते. तिने त्याला उठवून छातीशी धरलं, वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला, जसा चुलीला घालतात तसा.

"जरा ऱ्हवा हो. बाबाजी वर चढलो. आता ऊन येतला. आता येतला हां."

त्याने तिचं मनगट धरलं. काहीतरी म्हणाला. तिला ते कळलं नाही. नंतर कितीदा तिने आठवून बघितलं, पण नाहीच कळलं. बाहेर पहिला घाव पडला आणि त्याचा हात सैल झाला. रुग्णवाहिका आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बाबाजीला आणलेला कोयता परत न्यावा लागला नाही. त्याच कोयत्याने आणि मागून आणलेल्या करवतीने संध्याकाळपर्यंत आंबा भुईवर आला. गोकुळदासची इच्छा अक्षरशः पुरी झाली. पोराला कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, "पुण्यवान माणूस. आपल्या हातच्या झाडार गेलो." देवकीने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी बाबाजी अंगण आवरायला आला. तुळशीच्या पलीकडे फांद्यांचा ढीग पडला होता, पानं अजून हिरवी.

"वयनी, ह्याचा काय करूया? चुलीक ठेवू? सरणाक बुंधोच पुरलो. ह्यो वयल्यो तीन खांद्यो आम्ही नेल्योच नाय. पयलो घाव घातलेल्यो त्यो ह्योच."

देवकी उठली. फांद्यांजवळ जाऊन उभी राहिली. वाकून एका फांदीचं पान तिने हातात घेतलं.

"म्हणजे ह्यो सरणाक लागूच्योच नाय होत्यो?"

गौरेश पायरीवरून उठला. "आये, घरात चल."

"अरे, ह्यो कापल्यो असत्यो तरी तेंचा लाकूड तेंका उरला असता रे. झाड तसाच ऱ्हवता, प्रवीण सांगत होतो. मी आयकूकच नाय." आणि ती त्या फांद्यांवर बसली आणि आकांत करून रडली. नवरा गेला त्या दिवशी रडली नव्हती इतकी रडली.

रडून झाल्यावर ती आत गेली. उघड्या जनेलातून खोलीत कधी नव्हतं ते ऊन आलं होतं. कुठेही सावली नव्हती. बॅटरीच्या डब्यावर, अजून दुपार व्हायची होती तरी, चारही दिवे हिरवेगार लागले होते. वास्कोहून आलेल्या सुनेने मशीनवर चादर घालून ठेवली होती. देवकीने ती काढून घडी घातली. नळी पुसून उशीवर ठेवली, बटण दाबलं आणि खाटेच्या कडेला बसली. मशीन घरघरायला लागलं. रिकाम्या उशीवर वारा सुटला.

आवाज ऐकून गौरेश आत आला आणि बटणाकडे हात नेला.

तिने त्याचा हात धरला. "ऱ्हवंदे रे पुता. आज वीज असा."