कारणाचा रकाना

‘तिरीप’ हे प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं पहिलं यान. त्याची एक रिंग चाकणला आमच्या कारखान्यात, सयाजीभाऊंच्या लेथवर बनली. जमिनीवरच्या चाचणीत ती तडकली. तडकलेली रिंग परत आली आणि सोबत यान बांधणाऱ्या कंपनीचा मेल: चूक तुमची, आज पाचच्या आत फॉर्मवरचा कारणाचा रकाना भरून पाठवा. पुढच्या महिन्यात चार माणसं त्या यानातून जाणार होती.

“नेहमीचंच लिव्ह,” मालक नानासाहेब म्हणाले. “कामगाराचा हलगर्जीपणा. प्रशिक्षण दिलं. तक्रार बंद.”

मी इथली क्वालिटी तपासनीस; ब्रेकच्या सुट्या भागांच्या तक्रारींवर हे वाक्य मी दोन वर्षांत अकरा वेळा लिहिलं होतं. खरं आहे का, ते एकदाही तपासलं नव्हतं.

या वेळी तपासलं. रिंगला बारा भोकं. प्रत्येक भोकाभोवती बोल्टच्या डोक्याने दाबल्याची खूण. खुणांची खोली मोजली, तर पहिल्यापासून बाराव्यापर्यंत ती क्रमाने वाढत गेलेली. तडाही बाराव्यातूनच निघालेला. बोल्ट समोरासमोर आवळायचे, असं ड्रॉइंगवर स्पष्ट होतं. कंपनीच्या माणसांनी ते ओळीने आवळले होते, म्हणून सगळा ताण शेवटच्यावर आला.

सयाजीभाऊंनी आकडे पाहिले. “पंक्चरवाला बी चाकाचे नट असे ओळीनं आवळत नाही बघा, ताई.” मग पेन मागितलं. “आणा, चूक माझी म्हणून सही करतो. ऑर्डर गेली तर सगळेच घरी बसतील.”

“सही केलीत तर तुम्ही घरी बसाल. आणि ते पुढची रिंगही तशीच आवळतील.”

“मोठी मानसं हायेत ती, तनुजा,” नानासाहेब म्हणाले. “प्रकाशाच्या पुढं चाललीत.”

“जाऊ देत. बोल्ट इथल्यासारखेच आवळावे लागतात.”

मी लिहिलं: कामगाराची चूक नाही. जोडणी चुकली आहे. ती सुधारल्याशिवाय यान उडवू नये. खाली बारा आकडे.

पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं: या रकान्यात पुरवठादाराचीच चूक लिहावी, अन्यथा करार रद्द.

नानासाहेबांनी ते दोनदा वाचलं. “आकडं पक्कं हायेत?”

“तीनदा मोजलेत. चौथ्यांदा तुम्ही मोजा.”

ते खरंच उठले. चष्मा कपाळावर सरकवून खोली मोजायच्या डायल गेजवर वाकले आणि बाराही भोकं स्वतः मोजली. वेळ लागला.

“माझं नाव वर टाक,” ते म्हणाले. “तुझं खाली. आन् हेच परत धाड.”

सयाजीभाऊंनी पेन खिशाला लावलं. मी एकही शब्द न बदलता पुन्हा पाठवलं.