दोन मिलिमीटर

मी खुर्ची बोलतेय. काचेच्या पेटीतली, इतकी हलकी की करंगळीवर उचलावी. उचलू मात्र कुणाला देत नाहीत.

माझा जन्म इटलीतल्या कांतूचा, सुतारांच्या गावचा. मला कागदावर आणलं मिलानच्या वालसेक्कीसाहेबांनी. बशा, झुंबरं, दारांच्या मुठी, चर्चच्या फरशा, सगळं त्यांच्याच पेन्सिलीतून उतरायचं आणि सगळं त्यांना बारीक हवं असायचं. बशी बारीक झाली तर फुटते, एवढंच. खुर्चीवर माणूस बसतो, हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

मला घडवलं गाउदेन्झिओने. नकाशा बघून तो म्हणाला, "साहेब, मागच्या पायाची जाडी दोन मिलिमीटर वाढवा. जाड माणूस बसला तर लाकूड दगा देईल."

"मग जाड माणसाने उभं राहावं."

जेवण घेऊन आलेली त्याची बायको पिएरिना हसली. "तुझ्या ढेरीकडे बघून बोलले ते."

कांतूत रीत होती. पहिला नग घडवणाऱ्यानेच पारखायचा. धपकन बसायचं आणि मागच्या दोन पायांवर रेलायचं. बसायला नकार म्हणजे आपला सांधा कच्चा असल्याची कबुलीच.

मी तयार झाले त्या दिवशी साहेब फोटोवाल्यांना घेऊन आले. गाउदेन्झिओ घुटमळला.

"का हो, सांध्यावर भरवसा नाही?" साहेबांनी विचारलं.

सांधा पक्का होता, पाय कच्चा होता. पण सगळा सुतारखाना बघत होता, आणि एवढं बोलायचीही त्याला लाज वाटली.

"नको बसूस," पिएरिना म्हणाली. "हसू देत त्यांना."

तो बसला. रेलला. माझा पाय मोडला आणि त्याची पाठ मागच्या, लाकूड आवळायच्या लोखंडी शिकंज्यावर आपटली.

साहेबांनी आधी मला उचललं. मोडका तुकडा उजेडात धरून म्हणाले, "दोन मिलिमीटर. बरोबर सांगत होता हा." तिथल्या तिथे नकाशा दुरुस्त केला आणि मग त्याच्याकडे वळले.

माझ्या धाकट्या बहिणींना दोन मिलिमीटर जास्त मिळाले. त्या घरोघर गेल्या. लोक त्यांच्यावर बसून जेवतात, भांडतात. गाउदेन्झिओच्या कमरेखाली पुन्हा जीव आला नाही. साहेबांनी त्याच्यासाठी चाकांची खुर्ची स्वतः आखून, करवून दिली. देखणी होती. बारीक होती. पिएरिनाने ती चुलीत घातली.

मला जोडून इथे संग्रहालयात ठेवलं. पाटीवर साहेबांचं नाव आहे, खाली 'बसू नये' असं लिहिलंय. मी बसण्यासाठी जन्मले, आणि आजवर माझ्यावर एकच माणूस बसला.

तुम्ही माझ्या पायांचं कौतुक करता, ते मला ऐकवत नाही. करायचंच असेल तर वाका आणि माझा सांधा बघा. तो अजून हललेला नाही.