फक्त देणगी

सौदीतल्या दम्मामच्या कामगार कॅम्पात रत्नागिरीकडच्या सातजणांची एक खोली होती आणि त्या खोलीत हारूनभायचा शब्द खाली पडत नसे. माणूस साधा एसी मेकॅनिक, पण पंधरा वर्षांचा जुना. हलाल काय नि हराम काय, हे विचारायला सगळे त्याच्याकडेच येत. आणि हारूनभायलाही कुणी विचारलेलं आवडे, नाही कशाला म्हणा.

गावाकडच्या एका ट्रस्टने डायलिसिस सेंटरसाठी घराची सोडत काढली. एका बिल्डरने खाडीकाठचं दोन खोल्यांचं घर दान दिलं होतं. कुपनांचे पैसे मशिनींना जायचे आणि घर जायचं ज्याची चिठ्ठी निघेल त्याला. फॉर्म मोबाइलवर भरायचा. त्यात दोन चौकोन होते: वर 'सोडतीत भाग घ्यायचा आहे', खाली 'फक्त देणगी'. खालचा भरणाऱ्याची चिठ्ठी डब्यात पडणारच नव्हती. त्याचं नाव तेवढं सेंटरच्या भिंतीवर लागणार होतं.

शादाब नवा वेल्डर. त्याची बायको सहर दिराच्या घरी पडवीला पडदा लावून राहत होती. त्याने वरच्या चौकोनावर बोट नेलं तसं हारूनभायने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"बीमाराच्या नावाने जुगार खेळतोस? द्यायचं तर अल्लाच्या नावाने दे नि गप बस."

शादाबने निमूटपणे खालचा चौकोन भरला. मग बाकीच्या पाचांनीही.

हारूनभायने आपला फॉर्म दुसऱ्या दिवशी भरला, वर्कशॉपमागे एकटा असताना. वरचा चौकोन. इतकी वर्षं परदेशात काढूनही त्याची बायको शरफुन्निसा भाड्याच्या खोलीतच होती, आणि हे त्याने कॅम्पात कुणाला कळू दिलं नव्हतं.

घर लागलं पनवेलच्या एका मास्तरणीला. हारूनभाय मनातल्या मनात चरफडला आणि विषय संपला असं समजून चालला. पण पुढच्या शुक्रवारी जेवणं उरकल्यावर शादाबने भिंतीचा फोटो दाखवला. खोलीतल्या सहाजणांची नावं होती. हारूनभायचं नव्हतं.

"ज्याने आमाला समजावलं त्यालाच विसरले," शादाब तापला.

"राहू दे रे. नावासाठी थोडंच दिलंय?"

हे ऐकून तर शादाबला तो आणखीच थोर वाटला. त्याने तिथल्या तिथे ट्रस्टला फोन लावला.

पलीकडची बाई काय बोलली ते फक्त त्यालाच ऐकू आलं. तो दोनदा "बरं" म्हणाला. फोन ठेवून त्याने हारूनभाय सोडून सगळ्यांकडे पाहिलं.

"छापताना सुटलं म्हणतात. दुरुस्त करतील."

हारूनभायला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला त्याने जुगारी ठरवलं, तोच त्याची अब्रू राखायला खोटं बोलत होता.

"सुटलं नाय," तो म्हणाला. "मी वरचा चौकोन भरलेला. मला घर हवं होतं."

शादाबने हळू आवाजात विचारलं, "घर सगळ्यांनाच हवं असतं, हारूनभाय. पन मग मला कशाला अडवलंत?"

हरामाचं उत्तर जिभेवर तयार होतं. ते दिलं असतं तर शादाबने अजूनही ऐकून घेतलं असतं, आणि तेच हारूनभायला सहन होईना.

"अडवलं तेव्हा खरंच हराम वाटत होतं," तो खाली बघत म्हणाला. "पन माझा फॉर्म भरताना, डब्यात सहा चिठ्ठ्या कमी झाल्या म्हणून मला बरं वाटलं."