बरोबर उत्तरांची नऊ वर्षं

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्पेक्ट्रोमीटर आहे. मध्य प्रदेशातल्या धारच्या एका कॉलेजातल्या अंधाऱ्या खोलीत माझं आयुष्य गेलं. हायड्रोजनची नळी पेटवून माझ्या दुर्बिणीला डोळा लावला, की काळोखात तीन रेघा दिसतात: लाल, निळसर हिरवी आणि जांभळी. त्यांचे कोन मोजून रिडबर्गचा स्थिरांक काढतात. तो कुठेही काढा, एका मीटरला एक कोटी दहा लाखांच्या आसपासच येतो.

काय दिवस होते ते! मनावर, अमझेरा अशा आसपासच्या गावांतली मुलं बस चुकली तरी जागची हलत नसत. लाल रेघ सापडली की कोणीतरी ओरडे, "अरे भिया, दिखी!" मला धन्य वाटे. प्रयोगशाळेचे कृष्णाजी मला रोज मऊ फडक्यानं पुसत.

पुढे पुस्तकातलं उत्तर बघून त्यावरून उलटं गणित करून कोन लिहायची टूम निघाली. नऊ वर्षं मला कोणी डोळाच लावला नाही. फार एकटं वाटलं हो.

यंदा श्रिया आली. तिनं दोन तास बसून कोन मोजले आणि उत्तर आलं एक कोटी बत्तीस लाख! अनीश सर वैतागले.

"ये क्या है, श्रिया? सगळ्यांचं बरोबर आलंय. वहीत दुरुस्त कर, नाहीतर प्रॅक्टिकलला फेल होशील."

"पर सर, मला जे दिसलं तेच मी लिहिलं." तिचे डोळे भरून आले, पण तिनं एक आकडा खोडला नाही.

तेव्हा कृष्णाजी पुढे आले. "सर, गलती माझी आहे. प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची जुनी काच नऊ वर्षांपूर्वी माझ्या हातून फुटली. कपाटातली दुसरी लावली, पण यंत्राच्या कार्डावरचा रेघांचा आकडा बदलायचा राहूनच गेला. जुन्या काचेवर इंचाला पंधरा हजार रेघा होत्या, हिच्यावर साडेबारा हजार आहेत."

श्रियानं नवा आकडा घालून गणित केलं. उत्तर आलं, एक कोटी दहा लाख.

सरांनी मात्र कार्डावरचा जुना आकडा पुन्हा वाचला. चुकीचा आकडा घालूनही नऊ वर्षं सगळ्यांची उत्तरं बरोबर आली होती. त्यांतली सर्वांत सुबक वही खुद्द सरांची होती. ते इथेच शिकले, आणि ती वही नमुना म्हणून अजून मुलांना दाखवतात.

सगळी मुलं गेल्यावर सर माझ्यापाशी येऊन बसले. "काका," ते हळूच कृष्णाजींना म्हणाले, "लाल रेघ कुठं दिसते?"

कृष्णाजींनी दुर्बीण जराशी फिरवली. "सबर करा सर. डोळ्यांना सवय होऊ द्या."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझा एखादा भाऊबंद कपाटात पडून असेल. त्याला पुसा, जपा, पण त्याच्यातून बघासुद्धा. आणि दिसेल तेवढंच लिहा.